दोन आखूड हॉर्न

विश्वनाथ गेल्याची बातमी मला कोणी कळवली नाही. ती न आलेल्या आवाजातून कळली. त्या सकाळी मी नेहमीप्रमाणे बूट घालून, मफलर गुंडाळून दारात उभा होतो. आम्ही दोघे वाटूरच्या शाळेत शिकवत असताना तो मला परतूरच्या माझ्या दारातून गाडीत घ्यायचा, आणि दोघेही निवृत्त झाल्यावर शाळा सुटली तरी तो नेम सुटला नाही. सकाळी वाटूर फाट्यावर चहा घ्यायचा, वर्तमानपत्र चाळायचे आणि परतायचे. दारात येताच तो दोन आखूड हॉर्न द्यायचा. तिसरा कधी नाही, लांबलचक कधी नाही. त्या दिवशी मी बराच वेळ थांबलो. दव इतके होते की समोरच्या तारेवरून थेंब पडत होते. शेवटी मीच चालत त्याच्या घरी गेलो. फाटक बंद होते. अंगणात गाडी उभी होती, समोरची काच दवाने पांढरी झाली होती, आणि गाडीच्या पुढच्या चाकाशी कमलवहिनी, विश्वनाथच्या पत्नी, डोक्यावर पदर घेऊन उभ्या होत्या. मला पाहून त्या हळू आवाजात म्हणाल्या, "बघा ना भाऊजी, कव्हाचे बसलेत आत. काच पुसून राह्यलेत वाटतं... हॉर्नच देईनात."

मी दार उघडले. विश्वनाथ स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसला होता. उजव्या हाताचा अंगठा हॉर्नवर होता. तो दाबायचा तेवढा राहून गेला होता.

ज्यांनी ती गाडी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी तिचे वर्णन क्रमाने करायला हवे, कारण पुढचे सारे त्यावर अवलंबून आहे. गाडी जुनी, डिझेलवर चालणारी, मूळची पांढरी. विश्वनाथने ती घेतली तेव्हाच ती कोणीतरी वापरून थकवलेली होती. तिचा खालचा पत्रा गंजून गेला होता. मागच्या सीटखाली पाय ठेवायच्या जागी रस्ता सरकताना दिसायचा. हँडब्रेक ओढला की नुसता वर यायचा, चाकांना त्याचा पत्ता नसायचा. मागची काच फुटल्यावर तिथे पुठ्ठा आला होता. आणि स्टार्टर तर पार निकामी. तो बदलण्याऐवजी विश्वनाथने अंगणात मुरमाचे चार ट्रॅक्टर टाकून चक्क एक उतार बांधून घेतला. तो भूगोलाचा शिक्षक. मी हसलो तेव्हा म्हणाला, "सर, आपला मुलूख सपाट हाय. मंग उतार आपणच करावा लागतो."

घरी येताना इंजिन चालू असतानाच गाडी उलटी घेऊन उतारावर चढवायची आणि पुढच्या चाकाखाली दगड लावायचा, अशी त्याची पद्धत होती. हा दगड म्हणजे फुटक्या जात्याची अर्धी पाळ. सकाळी विश्वनाथ गाडीत बसायचा, गिअर टाकून क्लच आणि ब्रेक दाबून धरायचा आणि दोन हॉर्न द्यायचा. त्या हॉर्नबरोबर वहिनी वाकून दगड काढायच्या, तुळशीशेजारी नेऊन ठेवायच्या आणि बाजूला व्हायच्या. मग तो ब्रेक सोडायचा आणि गाडी उतरू लागली की क्लच. इंजिन खोकत जागे व्हायचे. हॉर्नशिवाय दगड हलवायचा नाही, हा त्या घरातला पक्का नियम होता. उतारावरच्या गाडीपुढे वाकणाऱ्या माणसाच्या जिवाची ती हमी होती.

ती गाडी विकायचा प्रयत्न त्याने स्वतःही केला होता. एकदा अंतरवालीकडचे एक गृहस्थ पाहायला आले. मी ओट्यावर बसलो होतो. त्यांनी विचारले, "गाडी कशी हाय सर?"

"गाडी नापास हाय," विश्वनाथ म्हणाला. "पर वर्गातून काढून टाकायचं मन व्हईना." आणि मग तो त्यांना गाडीभोवती हिंडवून एकेक दोष दाखवू लागला, जणू नकाशावर नद्या दाखवतो आहे. पुठ्ठा दाखवला, भोक दाखवले, हँडब्रेक ओढून दाखवला. गृहस्थ चहा पिऊन निघून गेले. वहिनी आतून म्हणाल्या, "पोरगी दाखवताना असंच सांगत बसले अस्ते ना, तर आपली अर्चना अजून घरातच राह्यली अस्ती!"

"तिच्यात दोष कुठं व्हते?"

"बापावर गेली हाय ती. एकबी गोष्ट लपवता येत न्हाई तिला."

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. मागे पुठ्ठा असल्यामुळे आतल्या आरशाचा काही उपयोग उरला नव्हता. विश्वनाथने तो माझ्या सीटकडे वळवून ठेवला होता. बोलताना मान न वळवता त्याला माझा चेहरा दिसायचा. मी विज्ञान शिकवले आहे; ज्या आरशात तो मला पाहतो त्याच आरशात मलाही त्याचे डोळे दिसणार, हे उघड आहे. वर्षानुवर्षे मी त्याच्याशी बोललो ते असा, समोरच्या रस्त्याकडे तोंड करून, वर टांगलेल्या दोन डोळ्यांशी.

दिवसकार्य उरकले. अर्चना आईला पुण्याला न्यायला निघाली, पण वहिनी उठेनात. "त्यांचा हॉर्न राह्यलाय," एवढेच त्या म्हणायच्या. अर्चनाची रजा संपली, ती परत गेली आणि मला फोनवर म्हणाली, "काका, गाडी गेल्याशिवाय आई येत नाही आणि गाडी विकूही देत नाही. तुम्हीच काहीतरी करा."

मग एका सकाळी वहिनींनी मला बोलावून घेतले. गाडीचा हॉर्न आपोआप वाजतो, असे त्या म्हणाल्या. पहाट सरताना, दोनदा. मी बॉनेट उघडून पाहिले. हॉर्नच्या तारेचे वेष्टण तडकले होते आणि उघडा तांब्याचा भाग पत्र्याला टेकत होता. दव पडले, ओल धरली, परिपथ पूर्ण झाला, हॉर्न वाजला. मी त्यांना हे तारेवर बोट ठेवून समजावून सांगितले, बॅटरीची जोडणी सोडली आणि खबरदारी म्हणून बॅटरीच उचलून माझ्या घरी नेली. समाधानाने गेलो. एखादे प्रमेय सिद्ध झाल्यावर वाटते तसे.

काही दिवसांनी सकाळी सहज त्यांच्या फाटकाशी पोचलो तर आतून पावलांचा आवाज आला. वहिनी दार उघडून बाहेर आल्या. केस नीट विंचरलेले, डोक्यावर पदर. त्या चाकापुढे बसल्या, दोन्ही हातांनी दगड ओढला, तुळशीशेजारी नेऊन ठेवला आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. गाडी हलली नाही. चाके मुरमात रुतली होती. मी धावत जाऊन दगड पुन्हा लावला.

"वहिनी, बॅटरी माझ्या घरी आहे. आता हॉर्न वाजणं शक्य नाही."

त्यांनी माझ्याकडे कणवेने पाहिले. "तुम्हाला ऐकू आला न्हाई का?" त्या म्हणाल्या. "आत्ता तर झाला, भाऊजी."

मी दुसरा मोठा दगड आणून चाकाखाली लावला. दुसऱ्या सकाळी जाऊन पाहिले, तर दोन्ही दगड तुळशीशेजारी ओळीने ठेवलेले... आणि गाडी उतारावर नव्हती. ती खाली, फाटकाच्या जवळ उभी होती. वहिनी तिच्यापुढे, बंपरला टेकून, अगदी शांत. त्यांच्या पदराचे टोक चाकाखाली होते, म्हणून त्यांना हलता येत नव्हते. किती वेळ त्या तशा उभ्या होत्या कोण जाणे! शेजारच्यांना हाका मारून आम्ही गाडी मागे ढकलली आणि पदर सोडवला. मी जवळजवळ रागावून विचारले, "ओरडला का नाहीत?"

"ओरडायचं कशाला?" त्या म्हणाल्या. "त्यांनी ब्रेक मारला ना."

पुढचे चाक सांडपाण्याच्या चरात अडकून थांबले होते. मी ते स्वतः वाकून पाहिले. चर होता, चाकाचा ठसा होता. माझ्याकडे याही गोष्टीचे स्पष्टीकरण होते. पण त्या सकाळी ते मी कोणाला ऐकवले नाही. गाडी खाली राहिली तर फाटक पूर्ण उघडत नव्हते, म्हणून ती पुन्हा उतारावर न्यावी लागली. वर नेताना मी आत, माझ्या नेहमीच्या सीटवर बसून उजव्या हाताने स्टिअरिंग धरले होते. सवयीने नजर आरशाकडे गेली. आरशात त्याच्या सीटची फाटकी पाठ दिसली. मधोमध खोलगट, बसून बसून झालेली. मी लगेच समोर पाहिले. मग सगळा वेळ समोरच पाहत राहिलो.

त्या दिवशी मी वहिनींजवळ बसून सरळ बोललो. म्हणालो, "तो निघायच्या तयारीत गेला. गाडी तेव्हापासून निघायचीच थांबली आहे. तिला रस्त्याला लावू या. आणखी एकदा ती अशी सुटली तर अर्चनाला मी काय सांगू?" त्यांनी तुळशीकडे पाहिले. मग म्हणाल्या, "न्या. पर दगड मीच काढणार. आन् हॉर्न झाल्यावरच."

जालन्याचे हमीदभाई जुन्या गाड्या घेऊन त्यांचे भाग सुटे करून विकतात. ते भल्या सकाळी आले. विश्वनाथच्या जागी मी विकणारा होतो, म्हणून त्याच्यासारखेच सारे दोष क्रमाने दाखवू लागलो. हमीदभाईंनी हात जोडले. "बस्स, गुरुजी, बस्स! मी गाडी न्हाई, लोखंड घेऊन राह्यलो. लोखंडाला काय इचारायचं, तब्येत कशी हाय म्हणून?" वहिनींनाही हसू आले. कित्येक दिवसांत प्रथमच.

हॉर्नसाठी मी बॅटरी बरोबर आणली होती. पण पडून पडून ती पूर्ण उतरली होती. हमीदभाईंनी तारा लावून पाहिल्या, काढल्या, आणि बॅटरी ओट्यावर ठेवून दिली. "डिझेलला बॅटरी कशाला पायजे? उतार हाय ना. बराबर उठते." त्यांचे म्हणणे खरे होते, अशा जुन्या डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही, चाके फिरली की ते पेट घेते. प्रश्न फक्त हॉर्नचा होता. मी त्यांना बाजूला घेऊन सांगितले की तयार झाल्यावर मोठ्याने हाक मारा, वहिनींची मी समजूत घालतो. वहिनींना मी म्हटले, "आज हॉर्नऐवजी हाक येईल." त्या पदर डोक्यावर घेऊन चाकापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

हमीदभाई आत बसले. काच पुसायला त्यांच्याजवळ काही नव्हते. ते दाराच्या खिडकीतून डोके काढून चालवणार होते. पण अजून डोके आत होते आणि काच पांढरी होती. त्या काचेमागे एक आकृती स्टिअरिंगवर हात ठेवून बसलेली, आणि पुढे वहिनी उभ्या... मला त्या सकाळचे दृश्य जसेच्या तसे दिसले. हाक येईना.

मग वहिनी हसल्या. अगदी थोडे, रोजच्या ओळखीचे. त्या वाकल्या, दगड काढला, तुळशीशेजारी नेऊन ठेवला आणि बाजूला झाल्या. गाडी उतरू लागली. फाटकाशी इंजिन खोकले, धूर आला, आणि ती बाहेर पडली. हाक शेवटपर्यंत आली नव्हती, हे मला तेव्हा उमगले.

गल्लीच्या टोकाला गाडी चालू ठेवून हमीदभाई थांबले होते. मी जवळ गेलो तेव्हा ते मागे वळून पाहत होते. "गुरुजी, मी हाक मारणारच व्हतो," ते म्हणाले. "तेवढ्यात तुम्ही हॉर्न दिला. दोनदा. मंग मी कशाला ओरडू? पर तुमची दुसरी गाडी कुठं हाय?"

गल्लीत एक सायकलसुद्धा नव्हती. बॅटरी ओट्यावर होती. मी सांगितले, "मी हॉर्न दिला नाही. मला ऐकूही आला नाही." हमीदभाईंनी माझ्याकडे पाहिले, मग शेजारच्या रिकाम्या सीटकडे पाहिले, आणि गाडी पुढे काढली. आतला आरसा अजून माझ्या सीटकडेच वळलेला होता.

मी परत आलो तेव्हा वहिनी अंगण धूत होत्या. "झाला एकदाचा त्यांचा," त्या म्हणाल्या. अर्चना आली आणि त्या तिच्याबरोबर पुण्याला गेल्या. स्वतःहून, कपड्यांची पिशवी हातात घेऊन. आता त्यांना शांत झोप लागते असे अर्चना सांगते. घराची किल्ली माझ्याकडे आहे. मी तुळशीला पाणी घालायला जातो. मुरमाच्या उतारावर गवत उगवू लागले आहे. तुळशीशेजारी जात्याची अर्धी पाळ आहे, जिथे वहिनींनी ठेवली तिथेच.

आयुष्यभर मी मुलांना सांगितले की निरीक्षण जसे झाले तसेच लिहावे. कारण सापडले नाही तर ती जागा कोरी सोडावी. इथे मी तेच केले आहे. दोघांनी ऐकले, मी ऐकले नाही, हे माझे निरीक्षण. विश्वनाथला त्या सकाळी दोन ठिकाणी हॉर्न द्यायचा होता. आधी अंगणात, वहिनींसाठी. मग माझ्या दारात... सध्या दव फार पडते. मी सकाळी बूट घालतो, मफलर गुंडाळतो आणि दारात उभा राहतो. घरचे विचारतात, एवढ्या थंडीत कुठे निघालात? मी सांगतो, कुठे नाही. आणि दार लोटून घेत नाही.