सुज्ञ आणि तापट

आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप पार्किंगच्या भांडणात बुडाला, तेव्हा सेक्रेटरी भीमराव साळवे म्हणाले, "आता जे काय ते ई-मेलवर. मेल लिहिताना माणूस विचार करतो." टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला माणूस. मोकळा जिनासुद्धा डावीकडूनच उतरतो.

त्यांनी सगळ्या सभासदांचे पत्ते कॉम्प्युटरवर घालून दोन गट पाडले. एक 'सुज्ञ', एक 'तापट'. सुज्ञांना गोड भाषेत कळवायचं, तापटांना खडसावून. पाणी येणार नाही एवढं सांगायलाही दोन मेल! मी सुज्ञांत आहे हे मला त्यांच्या बायकोनं, शालनताईंनी सांगितलं. खोटं कशाला बोलू, बरंच वाटलं.

शालनताईंचं घर चौथ्या मजल्यावर, गुडघे पार गेलेले, आणि लिफ्ट दिवाळीपासून बंद. नवी बसवायला सभेची मंजुरी हवी. पण सुज्ञ सभेला फिरकत नसत, आणि तापट येऊन लिफ्ट सोडून बाकी सगळ्यावर भांडत. बिचारी तेव्हापासून खाली उतरलेली नाही. मी भीमरावांना म्हटलं, "अहो, वहिनींचं लिहा ना मेलमध्ये." तर म्हणे, "घरचं गाऱ्हाणं पदावर बसून मांडायचं नसतं." घ्या! बायको वर अडकलीय आणि ह्यांचं पद खाली.

या खेपेला लिफ्टच्या सभेचे दोन्ही मेल त्यांनी मन लावून लिहिले आणि पाठवताना गट उलटे निवडले.

मला मेल आला : 'सभेला या, पण गुरगुरायला नको. लिफ्टवर मत द्यायचं नसेल, तर पुन्हा तक्रारीला तोंड उघडू नका.' माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी गुरगुरते? जन्मात पहिल्यांदा सभेला गेले, तेही भांडायला. खाली पार्किंगमध्ये बघते तर सगळे सुज्ञ बाह्या सरसावून हजर!

आणि तळमजल्यावरचे पोपटशेठ, लिफ्टचे पहिले वैरी, कडक इस्त्रीच्या सदऱ्यात. ज्याला त्याला मोबाइल दाखवत होते. "आपल्यासारख्या सुज्ञ सभासदांमुळे सभेला शोभा येईल, आसं लिवलंय. इतकी वर्सं ऱ्हातोय, कुणी 'आपण' म्हणलं न्हवतं."

"साळवे, गुरगुरतं कोण?" मी विचारलं. भीमरावांनी घाम पुसत हात जोडले आणि गटांची अदलाबदल कबूल केली. पोपटशेठचा चेहरा पडला. पण इस्त्री करून आलेला माणूस लगेच अंगावर धावून जात नाही.

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "पर लिफ्टचा खर्च तळमजल्यानं का द्यायचा? आन् ज्यांच्यापायी एवढं चाललंय त्या वहिनी कुठं हायत?"

"चौथ्या मजल्यावर!" मी ओरडले. "कशा येणार? उडत?"

पोपटशेठ उठले. आणखी एका गड्याला घेऊन वर गेले आणि शालनताईंना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून, प्रत्येक वळणावर एकमेकांवर खेकसत खाली घेऊन आले.

शालनताईंनी आधी कुंपणाकडे पाहिलं. "कढीपत्ता केवढा वाढला गं," त्या मला म्हणाल्या. मला एकदम रडूच आलं. भांडणाचं पार विसरले.

भीमरावांनी रीतसर विचारलं, "आपलं मत, शालनबाई?"

"माझा होकार," त्यांनी हात वर केला. मग पोपटशेठकडे वळून म्हणाल्या, "पण भाऊ, आता मला वर कोण नेणार?"

पोपटशेठनी जिन्याकडे पाहिलं आणि धापा टाकतच लिफ्टसाठी दोन्ही हात वर केले.