दादाच्या मुठीला लागलेलं माझं रक्त

"बालाजी, रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे," समुपदेशक बाई म्हणाल्या आणि पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. लातूरच्या सरकारी दवाखान्यातली ती लहानशी खोली, दाराला हिरवा पडदा. एचआयव्ही हा शब्द त्या दोनदा म्हणाल्या. दोन्ही वेळा मी नुसती मान हलवली.

त्याआधी कितीतरी दिवस ताप येऊन जात होता. तोंडात पांढरा थर धरला होता, भाकरीचा तुकडा गिळताना आग व्हायची. किल्लारीजवळच्या आमच्या गावात मी शेतपंपाच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून देतो. हातातली मोटार उचलेना तेव्हा गावातल्या डॉक्टरांनी टायफॉइडची औषधं थांबवली आणि रक्त तपासायला लातूरला पाठवलं.

हा आजार मला कुठून लागला, ते मी इथे लिहिणार नाही. भेटेल त्यानं पहिलं तेच विचारलं.

माझी बायको सुनीता हिचा रिपोर्ट निगेटिव्ह आला. तिनं तो घडी घालून पिशवीत ठेवला आणि त्याच दिवशी उमरीला, नांदेडकडच्या तिच्या माहेरी निघून गेली. भांडलीसुद्धा नाही.

बाईंनी मला बजावलं होतं, "घरच्यांना एकट्यानं सांगू नका. इथं घेऊन या, मी बोलते." पण मला वाटलं, आपला दादा आहे. भूकंपात आई-वडील गेले तेव्हा मी चार-पाच वर्षांचा होतो आणि व्यंकटदादा बारा-तेराचा. पत्र्याच्या शेडमध्ये त्यानंच मला भरवलं, त्यानंच शाळेत घातलं. त्याला सांगायला मध्यस्थ कशाला?

तो शेतात होता. सोयाबीनची मळणी नुकतीच उरकली होती, भुसा सगळीकडे उडत होता. मी ट्रॅक्टरजवळ जाऊन सांगितलं.

"काय म्हणलास?"

"एचआयव्ही हाय दादा मला."

"कुठं शेण खाल्लंस रे?"

मी तोंड उघडलं आणि त्याची मूठ तोंडावरच बसली. पुढचे दोन दात गेले. तोंड गरम रक्तानं भरलं. मी खाली पडलो, तर त्यानं लाथ घातली, मग कॉलर धरून उठवून परत मारलं. "तुझ्यापायी मी काय काय सोसलं! तोंड दाखवायला जागा ठिवली न्हाईस!" ट्रॅक्टरच्या पेटीतला मोठा पाना त्याच्या हाताशी आला. मी डावा हात आडवा धरला. हाड मोडल्याचा आवाज मला आधी ऐकू आला, दुखलं नंतर. पार्वतीवहिनी धावत आली आणि त्याच्या दंडाला लोंबकळली. "अवं मरंल की ते! सोडा!"

त्यानं पाना खाली टाकला तेव्हा मला त्याचा उजवा हात दिसला. माझ्या दातांवर आपटून बोटांचे सांधे फाटले होते. एका जखमेत दाताचा कपचा रुतला होता आणि माझं रक्त त्याच्या मनगटापर्यंत ओघळत होतं.

"दादा, तुझ्या जखमेत माझं रक्त गेलंय."

तो हाताकडे बघत राहिला. आधी त्यानं हात पँटीला पुसला, मग मातीत घासला. मग त्यानं विळा उचलला, हात ट्रॉलीच्या फळीवर ठेवला आणि ओरडला, "बोटंच तोडून टाकतो! लई झालं तर थोटा हुईन!"

मी उरलेल्या एका हातानं त्याच्यावर झेपावलो. आम्ही दोघं भुशात लोळलो. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला मारलं, डोक्यानं, छातीवर. वहिनीनं विळा ओढून लांब फेकला.

"मोटार चालू कर वहिनी! ह्याला साबण दे आणि धारेखाली हात धरू दे. पिळू नको, रॉकेल लावू नको."

समुपदेशक बाईंच्या खोलीत भिंतीवर असंच काहीतरी लिहिलेलं होतं. तेवढंच डोक्यात राहिलं होतं.

लातूरला आम्ही काळ्या-पिवळ्या जीपनं गेलो. दोघांच्या हातांना टॉवेल गुंडाळलेले. शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, काय झालं. "मळणी यंत्रात गेला हात," दादा म्हणाला. "अन् ह्यांचं तोंड?" म्हाताऱ्यानं विचारलं. दादा खिडकीबाहेर बघत राहिला.

एचआयव्हीची औषधं देणाऱ्या एआरटी सेंटरच्या डॉक्टर मॅडम तरुण होत्या. त्यांनी कोणी कोणाला मारलं हे विचारलं नाही, आधी किती वेळ झाला ते विचारलं. मग दादाला म्हणाल्या, "तुम्हाला पेप चालू करते. म्हणजे विषाणू शिरला असला तरी तो पक्का बसण्याआधी अडवायच्या गोळ्या. जितक्या लवकर तितकं चांगलं. तीन दिवस उलटले की उपयोग नाही. महिनाभर एकही गोळी चुकवायची नाही."

"पक्का बसल्यावर काय करतंय ते?" दादानं विचारलं.

मॅडमनी खुर्ची ओढली. "आपल्या रक्तात सीडी-फोर नावाच्या पेशी असतात. रोगाशी लढताना बाकीच्यांना हुकूम देणाऱ्या. पेशी वाढते, आपल्या जनुकांची नक्कल करते, नक्कल बरोबर झाली का तपासते आणि मग एकीच्या दोन होतात. ह्याला सेल सायकल म्हणतात, पेशीचं चक्र. हा विषाणू आत शिरून स्वतःची जनुकं पेशीच्या जनुकांत घुसवतो. त्याचं व्हीपीआर नावाचं एक प्रोटीन आहे. ते पेशीला त्या तपासणीच्या टप्प्यावर अडकवतं. पेशी दोन होण्याच्या बेतात असते, पण होऊ शकत नाही."

"मग मरती?"

"लगेच नाही. तिथं अडकलेल्या पेशीत विषाणूच्या नकला जास्त जोरात तयार होतात. पेशीकडे खराब प्रोटीन तोडायची यंत्रणा असते. व्हीपीआर तीच यंत्रणा पेशीच्या चांगल्या प्रोटीनांवर सोडतं. शेवटी पेशी मरते. अशा पेशी कमी होत जातात, मग साधा ताप, तोंडातली बुरशीसुद्धा आवरत नाही."

मी जिभेनं तोंडातला पांढरा थर चाचपला. इतके दिवस आत मारहाण चालली होती आणि मी टायफॉइडच्या गोळ्या खात होतो.

"ह्याला बी गोळ्या हायत का?" दादानं माझ्याकडे न बघता विचारलं.

"आहेत. त्या रोज, कायमच्या. त्यांनी विषाणूची वाढ थांबते. रक्तात तो मोजण्याइतकाही उरला नाही, की यांच्यापासून बायकोलाही होत नाही."

माझा हात प्लास्टरमध्ये गेला. दोघांच्याही गोळ्या सुरू झाल्या. दादाला उलट्या व्हायच्या, रात्री तो दचकून उठायचा, पोरांना जवळ येऊ द्यायचा नाही. ताटवाटी स्वतःच वेगळी करून बसला. वहिनीनं समजावलं, मॅडमनी समजावलं, पण भीती काही हटेना. तपासणीला आम्ही एकाच बाकावर बसायचो, मध्ये एका माणसाची जागा सोडून. एकदा तो अचानक म्हणाला, "तुला बी असंच मळमळतंय का?"

"सुरुवातीला व्हायचं."

"हं."

त्या दिवसानंतर आमचं पहिलं बोलणं एवढंच.

सुनीता आली ती पुढच्या महिन्यात. म्हणाली, "नांदायला आले न्हाई. गोळ्या चुकत्यात का बघायला आले." ती अजून आहे. रोज डबी उघडून बघते.

वाचणाऱ्यांपैकी कोणावर ही वेळ आली तर दोनच गोष्टी सांगतो. घरी एकट्यानं सांगू नका. आणि कुठल्याही जखमेत रक्त गेलं तर लाजेपायी दिवस घालवू नका, सरकारी दवाखाना गाठा. औषध फुकट मिळतं.

दादाचा शेवटचा रिपोर्टही निगेटिव्ह आला. मॅडमनी सांगितलं तेव्हा त्यानं हात जोडले. आम्ही बाहेर आलो. व्हरांड्यात एक माणूस आपल्या बायकोला केस धरून भिंतीवर आपटत होता. तिच्या हातात तपासणीचा कागद होता. लोक बघत होते. मी पुढे व्हायच्या आत दादा गेला. त्यानं त्या माणसाचं मनगट धरलं. त्या माणसानं दादाच्या थोबाडीत दिली. दादाचा हात वर गेला, आणि तसाच थांबला.

"मला मार," दादा म्हणाला, "पर तिला सोड. मी बी मारलं व्हतं. हे बघ, ह्यो माझा भाऊ हाय."

सुरक्षारक्षक येईपर्यंत तो त्या बाईसमोर उभा राहून मार खात होता. मी त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.