अकरा तुंबड्या

सदर व्यक्ती, नामे त्सोन्का ग्रोझेवा, वय वर्षे त्रेपन्न, विधवा. पद: वरिष्ठ मर्दनकार, उपचार विभाग. बांधा मध्यम. ओळखखूण: डाव्या मनगटावर भाजल्याचा डाग, कर्तव्य बजावताना झालेला. कौशल्ये: पाठ, मान व कंबर रगडणे, काचेच्या तुंबड्या लावणे. शिस्तभंग: निरंक. शेरा: गेल्या चाळीस दिवसांत एकही तुंबडी लावलेली नाही.

शेरा मीच लिहिला. रोडोपी डोंगरातल्या आमच्या आरोग्यधामात कागदपत्रं माझ्याकडे असतात.

चाळीस दिवसांपूर्वी तिचा नवरा मेतोदी खोकत होता. घरोघरी लावतात तशाच तुंबड्या तिने त्याला लावल्या: दह्याच्या रिकाम्या बरण्या, जेवणाच्या काट्याला गुंडाळलेला कापूस, कापसाला घरी गाळलेली दारू, रकिया. पेटता काटा बरणीत फिरवायचा आणि बरणी पाठीवर. मेतोदी म्हणाला, "दारू पाठीला कशाला? इकडे तोंडात घाल, आतून लागू पडेल."

सकाळी तो उठला नाही. हृदय, असं डॉक्टर बाकालोव यांनी लिहिलं. तुंबड्यांचा संबंध नाही, असंही लिहिलं. ते त्यांना कोणी विचारलं नव्हतं. रीतीप्रमाणे प्रेताचं अंग वाइनने पुसायला आलेल्या बायकांनी मेतोदीला कुशीवर वळवलं, पाठीवरचे गोल जांभळे डाग पाहिले आणि त्याला पटकन पुन्हा उताणं केलं.

चौथ्या दिवशी त्सोन्का कामावर आली. मर्दन नेहमीसारखंच. तुंबड्यांचा रोगी आला की म्हणायची, "आज त्या उकळायला टाकल्यात." पाच आठवडे त्या उकळत होत्या. जेवणघरात ती सगळं चमच्याने खायची, तळलेला मासासुद्धा.

"अगं, रडून तरी घे," टॉवेल सांभाळणारी स्तामेना म्हणाली.

"बघितलं. येत नाही."

"मग काटा तरी हातात घे. उद्या परवान्याची परीक्षा आहे. नापास झालीस तर तुला माझ्याकडे टॉवेलांवर पाठवतील, आणि माझ्याकडे खुर्ची एकच आहे, सांगून ठेवते."

परीक्षेचा दिवस नेमका मेतोदीचा चाळिसावा निघाला. सकाळी रीतीप्रमाणे थडग्यापाशी साखर घातलेले उकडलेले गहू वाटून ती आली. बोटांना पिठीसाखर तशीच होती. मी म्हटलं तेव्हा धुतली. परीक्षक डॉक्टर बाकालोव स्वतःच सदरा काढून पालथे झाले.

"त्सोन्काबाई, केस जाळू नका हं. अंगावर तेवढेच उरलेत."

आमच्याकडेही काटाच असतो, फक्त निर्जंतुक. तिने तो उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. कापूस पेटला. पहिली तुंबडी बसली, कातडी आत ओढली गेली, लाल झाली, मग जांभळी.

"लागतंय का?"

"छे, बरं वाटतंय."

"मेतोदीसुद्धा हेच म्हणाला होता."

 ती लावत राहिली. दहा मिनिटांनी डॉक्टरांनी विचारलं, "किती झाल्या हो?"

"अकरा."

"नियमात आठ आहेत."

"घरी बरण्या अकराच होत्या."

डॉक्टरांचं तोंड उशीत होतं.  तिथूनच ते मला म्हणाले, "आठ लिहा. पास."

मी लिहिलं: हात स्थिर, संख्या आठ, परवाना तीन वर्षांसाठी नूतनीकृत. फॉर्मच्या तळाशी एक छापील ओळ असते, तिच्याखाली मर्दनकाराची सही लागते: "पाठीवरील डाग सात ते दहा दिवसांत आपोआप नाहीसे होतात." त्सोन्काने ती ओळ दोनदा वाचली आणि सही केली.

मेतोदीला दुसऱ्याच दिवशी पुरलं होतं.