रियाजभाईंचा अक्षरी रकाना

ऑफिसातले रियाजभाई अमेरिकेच्या कंपनीत प्रोग्रामर होते, अशी आमच्या शाळेत अफवा आहे. कसली अमेरिका. सिन्नरच्या एमआयडीसीत खोक्यांवर तारखेचे शिक्के मारायचे. कॉम्प्युटर शिकले ते नंतर, नाशिक रोडच्या एका क्लासात.

त्यांचं बोलणं ऐकावं. आधी खाकरायचं, चष्मा कपाळावर न्यायचा, मग "म्हणजे कसंय ना बेटा", आणि पुढे काहीच नाही. चहाचा फुर्रर्र.

यंदा त्यांना जुन्या रजिस्टरातल्या जन्मतारखा डेटाबेसमध्ये घालायच्या होत्या. तिथे आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लागतो. रजिस्टरात तारीख दोनदा असते, आकड्यांत आणि अक्षरी. शहाणा माणूस आकडे घेईल. हे महाशय 'तीन जुलै दोन हजार दहा' एका बोटानं टाइप करत बसलेले, वर त्या शब्दांची तारीख करणारा प्रोग्राम लिहिणार.

"भाई, आकडे घ्या. माझा कोड मिनिटात करेल."

"म्हणजे कसंय ना ललित बेटा, घाई तुला आहे. मला नाही."

पैज लागली. दोघांनी दहावी ब करायची; ज्याची तारीख चुकेल त्यानं उरलेली रजिस्टरं मोठ्यानं वाचून द्यायची. मी आकडे भराभर टाइप केले, कोड चालवला, मिनिटात यादी तयार. वरची दहा नावं तपासली, सगळी बरोबर. क्रीडाशिक्षकांनी खो-खोचे फॉर्म माझ्याच यादीवरून भरले. भाई अजून सातव्या नावावर.

तिसऱ्या दिवशी दहावी बमधली इन्शा ऑफिसात आली. "लल्या, मी संघातून बाद. एक जूननंतर जन्मलेल्याच चालतात आणि तुझ्या यादीत मी मार्चची. माझा वाढदिवस पावसाळ्यात येतो, गाढवा. फॉर्म पाचला बंद होतोय."

मी म्हणालो, रजिस्टरच चुकलं असेल. भाईंनी रजिस्टर पुढे सरकवलं: ०३/०७/२०१०, शेजारी अक्षरी 'तीन जुलै'. माझ्या कोडनं आधी महिना धरला होता. बावीस, सत्तावीस असले दिवस महिना होऊच शकत नाहीत, म्हणून ते गुपचूप उलटून बरोबर बसले. मी तपासलेली दहा नावं नेमकी तसलीच.

भाईंनी त्यांचा प्रोग्राम चालवला. २०१०-०७-०३. कागद छापला, इन्शाच्या हातात दिला. "पळ." ती पावणेपाचला क्रीडाशिक्षकांकडे पोहोचली. आता संघात आहे.

मी रोज शाळा सुटल्यावर ऑफिसात उभा राहून वाचतो, "अकरा नोव्हेंबर दोन हजार अकरा." भाई फुर्रर्र करतात. "म्हणजे कसंय ना बेटा, जरा सावकाश."

अजून चार रजिस्टरं आहेत.