दिंडीदरवाजासमोरची खुर्ची

दूध संस्थेत कारकुनाची जागा मागायला गेलो, तेव्हा तोंड उघडण्याआधीच मी चेअरमनना लोटांगण घातलं. घालायचं नव्हतं. संस्था होती निजामाच्या काळातल्या एका जहागीरदाराच्या देवडीत, म्हणजे जुन्या वाड्यात. तिच्या थोरल्या सागवानी दरवाजात एक छोटी दिंडी होती. दारातलं दार, एका माणसापुरतं. आत शिरायचं तर कमरेत वाकावं लागे. मी वाकलो, उंबऱ्याला अडखळलो आणि थेट समोर खुर्चीत बसलेल्या चेअरमनच्या पायांपाशी पोचलो.

"असू दे, असू दे," चेअरमन म्हणाले. "वळण चांगलं हाय पोराला."

नोकरी लागली.

पुढं कळलं, खुर्ची तिथं उगाच नव्हती. जहागीरदारानं दिंडी बुटकी ठेवली, ती शत्रूचं डोकं आधी आत यावं म्हणून. दरवाजावर हत्तींसाठी टोकदार खिळेही ठोकले होते. आमच्या वडवणीकडं हत्ती पाहिलाय तो सर्कशीत. जहागीरदार गेल्यावर देवडीत सरकारी लेव्हीची ज्वारी भरली, मग शाळा भरली. पण त्या कुणालाच न सुचलेला उपयोग चेअरमनना सुचला. मोठ्या दरवाजाला अडसर घालून त्यांनी खुर्ची दिंडीसमोर मांडली आणि दिवसभर गावाचे नमस्कार घेत बसले. म्हशीचं दूध काढायला कुठल्या बाजूला बसतात, हे त्यांना ठाऊक असेल याची मला शंका आहे. मात्र "आल्या आल्या वाकला की मानूस ताब्यात ऱ्हातो," हे ते मला रोज शिकवत. मी लवकर शिकलो.

मग दुष्काळ पडला. विहिरी आटल्या, टँकर आला तर आला. पाणी राहिलं ते देवडीच्या चौकातल्या आडाला. बायका हंडे घेऊन येऊ लागल्या. पण भरला हंडा डोक्यावर घेऊन दिंडीतून निघता येईना. उतरवायचा, उंबऱ्यावरून ढकलायचा, बाहेर पुन्हा चढवायचा. अर्धं पाणी उंबराच पिई.

"मोठा दरवाजा उघडा की," बायका म्हणाल्या.

"त्यो मंत्र्यासाठी हाय," चेअरमन म्हणाले. मंत्री कधी आला नव्हता. "कावून, वाकलं की कंबर मोडती व्हय?"

माझी बायको सुमन रोज भिजून घरी यायची. "तुमी तरी सांगा की त्यांना," म्हणाली. मी धीर करून चेअरमनपुढं उभा राहिलो आणि चहा मागवू का, असं विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिंडीतून आधी सुमनची पाठ आत आली, मग सुमन आली. तिच्यामागं एकेक बाई, तशीच उलटी. चेअरमनसमोर जे येत होतं त्याला नमस्कार म्हणता येत नव्हतं.

"कारकून, ही काय रीत हाय बे?"

चौकाचे नक्षीदार खांब मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिले. उत्तर सुमननंच दिलं, रिकामा हंडा कडेवर घेत.

"हंडा मागून वढून घ्यावा लागतो, चेअरमनसायब. तोंड कुनीकडं करायचं ते दार ठरवतंय. आमी न्हाई."

संध्याकाळी दूधवालेही कॅन ओढत उलटेच आत आले, आणि त्यातले दोघे हसत होते. चेअरमन उठले.

"अडसर काढ बे," मला म्हणाले. "बायांचे हाल मला बघवत न्हाईत."

पुढच्या निवडणुकीत या दयाळूपणावर त्यांनी भाषण ठोकलं. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

संस्था बुडाली, चेअरमन वारले. देवडीचं आता मंगल कार्यालय झालंय. चुन्याच्या भिंती गुलाबी झाल्या, आड फरशीखाली गेला, दरवाजा कुठल्याशा हॉटेलवाल्यानं दिंडीसकट नेला. राहिलीय ती मोकळी कमान, बैलगाडी जाईल एवढी. आत खुर्चीच्या जागेमागं चेअरमनचा फोटो, प्लॅस्टिकच्या हारात.

परवा तिथं एका लग्नाला गेलो. कमानीखाली आलो आणि कमरेत वाकलो. सुमन मागंच होती.

"दार गेलं, दारापुढचा गेला," ती म्हणाली. "तुमचं वाकणं तेवढं ऱ्हायलं."