दुसऱ्याच्या घराच्या विटा

माझ्या बायकोच्या मामांना साऱ्या जगात एकच घर आवडतं, आणि ते त्यांचं नाही. माझं तर नाहीच नाही. कळमनुरीच्या अलीकडे, रस्त्यापासून जरा आत असलेल्या एका गावात निजामाच्या काळातल्या कापसाच्या व्यापाऱ्याने बांधलेलं ते दुमजली विटांचं घर आहे. पुढे ते एका शेतकरी कुटुंबाकडे आलं आणि आता दोन भाऊ त्यात सोयाबीनची पोती ठेवतात. मामा त्या गावात शाळामास्तर होते, एवढाच काय तो त्यांचा आणि घराचा संबंध. निवृत्त होऊन ते हिंगोलीत आमच्या गल्लीत राहायला आले आणि तेव्हापासून माझा एकही रविवार माझा राहिला नाही. मोटारसायकल माझी, कंबर माझी, आणि मागे बसून वाटभर चुन्याचं माहात्म्य सांगणारे मामा. बैलाच्या घाण्यात मळलेला, गूळ आणि बेलफळाचा गर घातलेला चुना वर्षं जातील तसा पक्का होतो, हे मी आता झोपेतही म्हणून दाखवीन.

कुणाच्याही घरी गेले की मामा आधी भिंतीवर बोटं वाजवून बघतात. माझ्या मेहुणीसाठी स्थळ बघायला गेलो होतो, तेव्हा आम्ही मुलाचं शिक्षण विचारत होतो आणि मामा खोलीभर टकटक करत फिरत होते. मुलाच्या वडिलांनी काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाले, "भिंत अर्ध्या विटेची हाय तुमची. उन्हाळ्यात तकलीफ होत असंल." ते लग्न जमलं नाही. आमच्या वास्तुशांतीला त्यांनी स्लॅबकडे बघून जो सुस्कारा सोडला, तो माझी बायको अजून विसरलेली नाही. पण त्या विटांच्या घरापाशी आले की याच माणसाचा आवाज बदलतो. चपट्या, पातळ विटा, हातभर जाड भिंत, कमानींवर विटाच घासून काढलेली कमळं, हे सगळं ते बाळंतिणीच्या खोलीत बोलावं तसं हळू बोलून दाखवतात. मेच्या भर उन्हात येणाऱ्याजाणाऱ्याला आत नेऊन भिंतीला गाल लावायला लावतात. एकदा वऱ्हाडाची जीप पाण्यासाठी थांबली होती, तर त्यांनी नवरदेवालाही मुंडावळ्यांसकट भिंतीला टेकवला. वऱ्हाड माझ्याकडे बघत होतं आणि मी दुसरीकडे बघत होतो.

दोघा भावांना खरं तर ते घर पाडून स्लॅबचं बांधायचं होतं. पण मामांनी दोघांनाही शिकवलेलं, त्यामुळे तोंडावर काही बोलवत नव्हतं. "सर म्हणतेत तर राहू दे यंदा," असं दरवर्षी चाललं होतं. आपण गेल्यावर पाडू नका म्हणून कोण सांगणार, या धास्तीने मामांना झोप लागत नसे. घर वारसा म्हणून सरकारदरबारी नोंदलं गेलं की पाडापाडीची भीती नाही, म्हणून ते अर्जांवर अर्ज करत राहिले. कचेऱ्यांच्या बाकांवर त्यांच्याबरोबर मीही बसलो आहे. अखेर एक अधिकारी बाई घर बघायला येणार असा निरोप आला, आणि नेमकं तेव्हाच मामांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी धूळ आणि प्रवास बंद केला. ते रविवार मी नुसता झोपून काढले, खोटं कशाला बोलू.

बाई यायच्या दिवशी मामांना काळा चष्मा लावून घेऊन गेलो. गावात पाहुणे यायचे म्हटलं की घराला रंग देतात, ही आपल्याकडची रीतच आहे. भावांनी तर सरांसाठी आणखी जोर लावला होता. साऱ्या भिंतींना सिमेंटचं प्लास्टर, त्यावर तांबडा ऑइलपेंट, आणि त्या पेंटवर पांढऱ्या रेघांनी काढलेल्या विटा. कमळं बुजली होती. थोरला हात जोडून पुढे आला. "लई वर्षं उघडंच राहून गेलं होतं सर. पाहुण्यांपुढं तुमची मान खाली जायला नको, म्हणून करून घेतलं. तुमाला मुद्दामच कळवलं न्हाई."

मामांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "जावईबापू," ते मला हळूच म्हणाले, "डोळ्यानं दगा दिला का माझ्या?"

बाई आल्या. घराभोवती फिरल्या आणि प्लास्टर कोणी करायला सांगितलं, असं त्यांनी विचारलं. त्यांच्या आवाजावरून धाकट्याला काहीतरी उमगलं, त्याचा चेहरा उतरला. मामा मध्येच बोलले, "मीच सांगितलं, मॅडम. ओल येऊन राहिली होती." मूळ काम झाकलं गेल्यामुळे आता काही करता येणार नाही, असं सांगून, चहा घेऊन बाई निघून गेल्या.

परतताना मी चिडलो होतो. इतकी वर्षं घासल्यावर दोष स्वतःवर काहून घेतला, असं मी त्यांच्याच बोलीत विचारलं. खड्डा आला तसा मामांनी मागून माझा खांदा धरला. मग म्हणाले, "पोरांनी त्या घरासाठी पहिल्यांदाच काहीतरी केलं, जावईबापू. त्यात काय बोलायचं?"

एवढं प्लास्टर केल्यावर आता घर पाडायची गोष्ट कुणीच काढत नाही. मामा अजून जातात, भाऊ त्यांना हौसेने रंग दाखवतात, आणि मामा छान आहे म्हणतात. परवा गेलो तेव्हा कमानीशेजारी प्लास्टरचा पोपडा निघाला होता. खाली जुन्या विटा दिसत होत्या. थोरला ओशाळला, उद्याच सिमेंट भरून घेतो म्हणाला.

"इतक्यात भरू नको रे," मामा म्हणाले. "राहू दे जरा."

निघायला उशीर होत होता, पण मी गाडी स्टँडवर लावली आणि कट्ट्यावर जाऊन बसलो.