ओटा ग्रॅनाइटचा नाही

चौतीस वर्षं मी डोंबिवलीत भूगोल शिकवला आणि निवृत्त झाल्यावर, तोंड बंद ठेवता न आल्यामुळे, एका भल्या माणसाच्या पोटावर पाय दिला.

त्याचं नाव सहदेव. राहायला ठाकुर्लीत, काम स्वयंपाकघरातले ओटे बसवण्याचं. वडील डोंगरातल्या काळ्या दगडाचे पाटे-वरवंटे घडवायचे, याने कटर धरला. बोलणं कमी. ओटा झाला की त्यावर तांब्याभर पाणी ओततो आणि ते सगळं सिंककडे वाहून गेल्याशिवाय हत्यारं आवरत नाही. माझा ओटा त्याने दोनदा उखडून पुन्हा बसवला. मी काही म्हणालेही नव्हते!

आमच्या सोसायटीतले पाइप बदलले, तेव्हा सात घरांनी ओटेही नवे करायचं ठरवलं. पहिला माझा, उरलेले सहा त्यालाच मिळणार होते. म्हणजे थेट पावसाळ्यापर्यंतचं काम.

ओटा बघायला शेजारची संचिता आली. "शीलाबाई, ब्लॅक ग्रॅनाइट ना?" झालं! माझ्यातली मास्तरीण उठून बसली.

"अगं, हा ग्रॅनाइट नव्हेच. दोन्ही खडक अग्निजन्य, दोन्ही जमिनीच्या पोटात सावकाश थंड झालेले, म्हणून दोघांचे कण डोळ्यांना दिसतात. पण ग्रॅनाइटच्या शिलारसात सिलिका जास्त, त्यात गारगोटीचे कण, म्हणून तो फिका, करडा नाहीतर गुलाबी. हा काळा म्हणजे गॅब्रो. आपल्या डोंगरातला बेसाल्ट ज्या रसाचा, त्याच रसाचा. तो रस वर येऊन पटकन थिजला की बेसाल्ट, खालीच मुरला की गॅब्रो. बाजारात सगळ्यालाच ग्रॅनाइट म्हणतात."

सहदेव कड घासता घासता थांबून ऐकत होता. "म्हणजे हा आमच्या पाट्याच्या घरातलाच की!" खूश झाला बिचारा.

संचिताच्या कानात मात्र पहिलंच वाक्य राहिलं. संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर आलं, ‘शीलाबाईंच्या ओट्याला डुप्लिकेट दगड.’ मी लांबलचक खुलासा टाकला. तिघांनी अंगठे दिले, वाचला कुणीच नाही.

रविवारी सेक्रेटरी परशुराम गावंडांनी सहदेवला बोलावून घेतलं. "अस्सल ग्रॅनाइट आहे असं लिहून दे, विषय संपला." मी डोळ्यांनी खुणावत होते, लिही रे बाबा!

त्याने पेन उचललं आणि खाली ठेवलं. "मागच्या महिन्यात विचारलं असतं तर लिहिलं असतं, साहेब. आता बाईंनी सांगितलंय. दगड चांगला आहे, लिंबाने डाग पडणार नाही, हे लिहून देतो. ग्रॅनाइट कसं लिहू?"

सहाही घरं हातची गेली. माझं बोलणं इतकं मनावर घेणारा विद्यार्थी मला उभ्या नोकरीत मिळाला नाही, आणि मिळाला तो असा.

दुसरा कारागीर ठरला. त्याच्या लाद्या टेम्पोतून उतरल्या तेव्हा मी मुद्दाम खाली गेले. ओलं बोट फिरवून पाहिलं. तोच रंग, तेच कण, लादीच्या पाठीवर सहदेवने माझा दगड आणला त्याच वखारीचा शिक्का. मी गावंडांना जिन्यात गाठलं. "अहो, हा तोच दगड आहे! शंभर टक्के तोच!"

"असू दे हो बाई," ते म्हणाले. "यांनी लिहून दिलंय ना."

सहदेवला हे सांगायला फोन हातात घेतला होता. लाज वाटली, लावला नाही.